शंभर टक्के कवड्या

"मण्यार हाय ती," ज्ञानूमामा म्हणाले आणि त्यांनी बरणी माझ्यापुढं धरली.

बरणी काकवीची होती, पाच किलोची, प्लॅस्टिकची. आतल्या बाजूनं काकवीचे तपकिरी ओघळ वाळले होते आणि तळाशी एक काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप वेटोळं करून पडला होता. जेमतेम हातभर लांब.

मी बरणी घेतली, उजेडाकडं धरली आणि हसले.

सात वर्षं झाली, पण त्या सकाळचं बरंचसं मला मिनिटांसकट आठवतं. सहा चाळीस झाले होते. ऑक्टोबरचा शेवट. गुऱ्हाळात मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत होता आणि सगळीकडं गोड, दमट वाफ होती. अंगणात अण्णासाहेब मगदुमांची जीप सुरू होती, तिचं एक दार उघडं होतं. अण्णासाहेब गुऱ्हाळाचे मालक, मला फोन त्यांनीच केला होता. ज्ञानूमामा त्यांचे गुळव्या, म्हणजे रसाचा गूळ नेमका कधी झाला ते ठरवणारा माणूस. मामांनी पायांत चपला घातल्या होत्या, खांद्यावर धुतलेला टॉवेल टाकला होता. ते दवाखान्यात निघाले होते. मी आणखी पाच मिनिटं उशिरा पोचले असते, तर ते गेलेही असते.

"कुठं चावला?" मी विचारलं.

"हितं." त्यांनी कोपराखाली दाखवलं. दोन बारीक ठिपके, डास चावल्यासारखे. "पाचच्या सुमाराला चिपाडावर जरा आडवा झालो हुतो. मुंगी चावल्यागत झालं. जाग आली तर ही घोंगड्यावरनं उतराय लागलीवती. मग घातली बरणी वरनं. एवढंसं म्हणून गप बसलो, सव्वासहाला अण्णा आलं तवा सांगितलं."

"दुखतंय?"

"न्हाई."

"सूजही नाही," मी म्हटलं. "मामा, हा कवड्या आहे. बिनविषारी साप."

"पट्टं हाईत की वो त्येला."

"कवड्यालाही असतात. तिथंच तर सगळे फसतात."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवत होते आणि आसपासच्या वीस-बावीस गावांत कुठंही साप निघाला की लोक मला बोलावत. सापवाल्या मॅडम. प्रत्येक सापाची मी वहीत नोंद ठेवायची. चौदा महिन्यांत बासष्ट वेळा मला कुणीतरी 'मण्यार निघालीय' म्हणून बोलावलं होतं आणि त्यांतल्या एकोणसाठ वेळा तो कवड्या होता. तीन वेळाच खरी मण्यार. शंभरात पाच. हा आकडा मला फार आवडायचा. शाळांमधून बोलायला जायचे तेव्हा मी तो सांगायची आणि फळ्यावर लिहायची.

"मॅडम, नक्की ना?" अण्णासाहेब जीपजवळून म्हणाले. "गाडी काढलीच आहे. जाऊन येतो की. अर्ध्या-पाऊण तासाचा तर रस्ता."

"अण्णा, शंभर टक्के कवड्या. गाडी बंद करा."

त्यांनी हात आत घालून किल्ली फिरवली. जीपची घरघर थांबली आणि काहिलीतला रस खदखदताना एकदम ऐकू येऊ लागला.

"मामा, सगळी हयात रानात गेली," अण्णासाहेब मोठ्यानं हसत म्हणाले, "आणि साप वळखता येईना तुम्हाला!"

"साप काय नाव सांगून चावतोय व्हय?" मामा म्हणाले, आणि कामावरचे सगळे हसले. मामांनी चपला काढून भिंतीकडं सरकवल्या. "बरं झालं म्हणा. ही काहील तासा-सव्वातासात उतरंल. मी गेलो असतो तर रस वाया गेला असता सगळा."

ते चुलवाणाकडं गेले. मी वहीत त्रेसष्टावी नोंद केली, वेळ टाकली, पुढं लिहिलं, कवड्या.

मला खरं तर तिथूनच परत जायचं होतं, दहाला तास होता. पण अण्णासाहेबांनी खुर्ची मागवली. "गरम गूळ खाल्ल्याशिवाय जायचं नाही," म्हणाले. कामावरची माणसंही भोवती जमली होती, पाच-सहाजणं. आणि मला बोलायची हौस होती.

मी बरणीचं झाकण उघडलं आणि साप हातात घेतला.

"अगं बया," चिपाड पसरणारी एक बाई मागं सरली. "चावत न्हाई व्हय ह्यो?"

"चावला तरी काही होत नाही. हे बघा, ह्याचे पट्टे मानेपासूनच सुरू झालेत. मण्यारीचे जरा मागून सुरू होतात. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे."

सापानं हातात अंगाचा गोळा केला आणि डोकं त्या गोळ्याखाली लपवलं. अण्णासाहेबांनी एक बोट पुढं करून शेपटीला लावलं. "लई गार लागतंय की वो."

"थंडीनं सुस्तावलाय," मी म्हटलं.

कवड्या चिडका असतो. आकार एवढासा, पण हातात घेतला की वळून वळून चावतो. माझ्या बोटांवर त्याचे कितीतरी ओरखडे होते. दिवसाउजेडी गपगार पडून राहणारी, डोकं लपवणारी असते ती मण्यार. हे मला ठाऊक होतं. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे मानेजवळूनच असू शकतात, हेही मी एकदा परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुण मिळाले होते. त्या सकाळी यांतलं काहीही मला आठवलं नाही असं नाही. विचारलंच नाही कुणी. मीही स्वतःला नाही.

साप बरणीत सोडून झाकण लावलं तेव्हा मामा चुलवाणाकडून आले. सात वाजून दहा मिनिटं.

"ताई, पोटात जरा कळा माराय लागल्यात."

"काय खाल्लं होतंत?"

"भाकरी आन् गरम काकवी. तीनला कामावर आल्यावर."

"मग तेच असणार. शिवाय भीती. साप बिनविषारी असला तरी पोटात गोळा येतोच. नुसत्या भीतीनं चक्कर येऊन पडलेली माणसं बघितलीत मी."

"भ्यालोच हुतो म्हणा," मामा म्हणाले आणि पोटावर हात दाबून पुन्हा काहिलीपाशी गेले.

अण्णासाहेब त्यांच्याकडं बघत राहिले. "मॅडम, पोट दुखणं म्हणजे काय नाही ना तसलं?"

"काही नाही हो अण्णा."

सात पंचवीसला मामा तांब्यानं पाणी प्यायले आणि त्यांना ठसका लागला. पाणी नाकातून आलं. "सावकाश प्या मामा," मी खुर्चीतूनच म्हटलं. सात पस्तीसच्या आसपास त्यांच्या पापण्या जड दिसू लागल्या. ते मान जराशी मागं टाकून बघत होते. अण्णासाहेब म्हणाले, "तीनपासून उभे आहेत, झोप नाही." मी म्हटलं, "ही काहील उतरली की झोपवा त्यांना." पोट, पाणी, पापण्या, प्रत्येकाला एकेक कारण हजर होतं आणि एकेकटं घेतलं तर त्यांतलं एकही कारण चूक नव्हतं.

एकदा माझी नजर बरणीकडं गेली. फक्त एकदा. तेवढ्यात त्या बाईनं विचारलं, "ताई, नागाला मिशा असत्यात म्हणं, खरं का?" आणि मी तिच्याकडं वळून उत्तर द्यायला लागले.

रस आता दाट झाला होता. त्याचे बुडबुडे मोठे होऊन फट्‌ फट्‌ फुटत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले, कारण मला मामांचं काम बघायचं होतं. ते पाण्यात बोटं बुडवायचे, ढवळायच्या दांड्यावरचा चटका देणारा पाक चिमटीत घ्यायचे आणि पाण्यातच त्याची गोळी वळून बघायचे. गोळी कशी वळते त्यावरून काहील उतरवायची की नाही ते ठरायचं. अर्धं मिनिट इकडंतिकडं झालं तर गूळ बिघडतो.

"मामा, इतक्या वर्षांनी नुसतं बघूनच कळत असेल की तुम्हाला," मी म्हटलं.

"कळतंय की." शब्द जरा घोळला. "पर हात लावून बघतोच. रस रोज... रोज नवा असतोय."

त्यांनी पाण्याच्या घमेल्याकडं हात नेला. हात घमेल्याच्या वीतभर बाजूला पडला. त्यांनी पुन्हा नेला. या वेळी तो काहिलीच्या काठावरून आत जायला लागला, उकळत्या पाकावर.

"मामा!" अण्णासाहेबांनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं.

"दोन दिसाय लागल्यात," मामा म्हणाले. जीभ तोंडात मावत नसल्यासारखं. "काहिली. दोन."

मी त्यांची हनुवटी वर केली. "डोळे उघडा मामा. माझ्याकडं बघा." त्यांनी कपाळाला आठ्या घालून जोर लावला. भुवया वर गेल्या, पापण्या गेल्या नाहीत.

बरणी खुर्चीशेजारी होती. मी ती वरून बघितली, झाकण काढून. त्या सकाळी पहिल्यांदाच मी पट्टे सोडून त्या सापाच्या पाठीवरच्या खवल्यांकडं बघत होते. पाठीच्या मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत, बाकीच्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची एक सरळ ओळ होती. प्रत्येक खवला सहा कोनांचा. कवड्याला ती नसते. मण्यारीला असतेच.

सात पन्नास.

"अण्णा, गाडी काढा."

"काय झालं?"

"गाडी काढा."

अण्णासाहेबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. मामांना दोघांनी उचलून जीपमध्ये ठेवलं. मी मागं बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. बरणी पायांत धरली होती. फाटकातून बाहेर पडेपर्यंत करपलेल्या पाकाचा वास आमच्या मागं येत होता.

तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय अठ्ठावीस किलोमीटरवर. अण्णासाहेब हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

"मामा, बोला माझ्याशी. काहीतरी बोला. घरी कोण कोण असतं?"

"शोभा," ते म्हणाले. "सून. पोरगा ट्रकवर." थोड्या वेळानं, मला कान तोंडाशी न्यावा लागला, "तिला सांगू नगा. भिईल."

त्यानंतर ते बोलले नाहीत. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला होता. पहिल्यांदा श्वास हाताला कळत होता. मग तो कळायला मी हात दाबून धरायला लागले. शेवटच्या दोन किलोमीटरांत मला तो कधी लागायचा, कधी नाही. जीप हादरतेय की छाती, हेच समजेना.

डॉक्टर बागवान चाळिशीचे, बुटके, भराभर बोलणारे होते. त्यांनी बरणीत एकदा डोकावलं, "हं" म्हणाले आणि बरणी लांब ठेवायला सांगितली. पुढच्या काही मिनिटांत मामांच्या घशातून श्वासनळीत एक नळी गेली आणि तिला रबरी पिशवी लागली.

"इथं व्हेंटिलेटर नाही," ते मला म्हणाले. "मोठ्या दवाखान्याची गाडी मागवलीय, यायला तास लागेल. तोवर ह्यांचा श्वास आपणच घ्यायचा. ही पिशवी दाबायची. चार मोजायचे, दाबायची, सोडायची. थांबायचं नाही. सिस्टर विषावरची लस चढवतायत. जमेल?"

"जमेल."

एक, दोन, तीन, चार. मी पिशवी दाबली की मामांची छाती वर येई. सोडली की खाली जाई. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

शोभा कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आली. तिच्या हातांना पीठ तसंच होतं. ती कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं सासऱ्यांचे पाय धरले. अण्णासाहेब दारात होते. डॉक्टरांनी कागद ओढला.

"साप कधी चावला?"

"पाचला," मी म्हटलं.

"आणि इथं आणलंत साडेआठला. साडेतीन तास काय करत होतात? साप कुणी ओळखला होता का?"

"मी."

"काय सांगितलं होतंत तुम्ही?"

एक, दोन, तीन, चार. मी दाबली. सोडली.

"बहुतेक कवड्या वाटतोय, म्हटलं होतं. पण दवाखान्यात दाखवून घ्या, असं सांगितलं होतं मी."

"मग आले का नाहीत?"

"काहील चुलीवर होती. मामा म्हणाले, उतरवून जातो."

हे मी ठरवून बोलले नाही. वाक्यं आपोआप आली आणि बोलत असताना मला ते दिसतही होतं, मी मामांच्या खांद्यावर हात ठेवून जा म्हणतेय आणि मामा मान हलवतायत. अण्णासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग ते फरशीकडं बघायला लागले. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

शोभा सासऱ्यांच्या पायांवर वाकली. "काय वो मामंजी," ती हळू म्हणाली. "ताई जा म्हणत हुत्या, तर जायचं न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी मामांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, उजेडानं हलल्या नाहीत. दारातून कुणीतरी म्हणालं, "गेला रं." शोभानं तोंडावर हात दाबला.

"कोण बोललं ते? बाहेर व्हा," डॉक्टर ओरडले. मग शोभाला म्हणाले, "बाई, मण्यार चावलेला माणूस मेल्यासारखाच दिसतो. त्याला मेला म्हणायची घाई करायची नसते. आणि सगळ्यांनी इथं जरा जपून बोला. ह्यांचं बोट हलत नाही, पापणी हलत नाही, पण शुद्ध असू शकते. कानांना काही झालेलं नसतं. ऐकू येत असणार त्यांना."

"दाबा!" ते माझ्यावर ओरडले.

मी चार मोजून पुढं गेले होते. सहावर होते. मी पिशवी दाबली आणि मामांच्या चेहऱ्याकडं बघितलं. पापण्यांखाली डोळ्यांची एक बारीक पांढरी रेघ उघडी होती. मी तिथं वाकून, त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावरून बोलले होते.

गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ मी त्यांच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही आणि एक शब्दही बोलले नाही.

मामा सहा दिवस व्हेंटिलेटरवर होते. मी रोज सकाळी शोभाला फोन करायची. "तसंच हाईत," ती म्हणायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "पायाचा अंगठा हलला."

मामा जगावेत असं मला अगदी मनापासून वाटत होतं. त्यांनी काही ऐकलेलं नसावं, असंही तितक्याच मनापासून. तिसऱ्या दिवशी शोभानं दुपारपर्यंत फोन उचलला नाही, तेव्हा या दोन इच्छा समोरासमोर आल्या होत्या. त्या दोन तासांत माझ्या मनात काय येऊन गेलं ते मी लिहिणार नाही.

अण्णासाहेबांचा एकदा फोन आला. "मॅडम, मी कुणाला काही बोललो नाही. बोलणारही नाही."

"अण्णा, पण तुम्ही ऐकलं होतंत मी काय—"

"मीही शेपटीला बोट लावलं होतं की," ते म्हणाले. "झालं ते झालं. तुमची गरज आहे गावांना. मामा वाचतायत, अजून काय पाहिजे?"

त्या दिवसांत मी डॉक्टरांना सांगितलेलं ते वाक्य इतक्यांदा मनात घोळवलं की काही वेळा मलाच शंका यायची. 'बहुतेक' म्हणाले असेनही. सावध माणूस तसंच म्हणतो, आणि मी तर सावध होते.

मामा घरी आल्यावर चार दिवसांनी मी त्यांना भेटायला गेले. ते अंगणात बाजेवर उशीला टेकून बसले होते. गालफडं आत गेली होती, नळीमुळं आवाज घोगरा झाला होता. शोभानं मला पाट दिला आणि चहा आणला. स्वतः उंबऱ्यावर बसली.

"या ताई," मामा म्हणाले. "मराय गेलेला माणूस बघाय आला व्हय?"

"कसं वाटतंय मामा?"

"पाक उचलायला अजून हाताला जोर न्हाई. बाकी ब्येस." मग एकदम पुढं वाकले. "सगळं आयकू येत हुतं बघा. डोळं उघडंना, बोट हलंना, पर कान टक्क उघडं. ती सिस्टर भणीच्या लग्नातलं रुसवंफुगवं सांगत हुती, त्ये आयकलं. एकजण म्हणाला गेला, त्येबी आयकलं. तवा मातुर लई भ्यालो. म्हटलं, आता जित्ताच जाळत्यात काय मला."

"मामंजी, नगा की ते," शोभा म्हणाली.

मी कप खाली ठेवला. "आणि मी... मी डॉक्टरांना सांगितलं, ते?"

"आयकलं की." मामांनी माझ्याकडं बघितलं आणि मग दोन्ही हात जोडले. "त्येच सांगायचं हुतं तुमास्नी. माझं चुकलं ताई."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तुम्ही दवाखान्यात जा म्हणाला आन् मी काहिलीच्या नादात ऱ्हायलो. तितं पडल्यापडल्या लई आठवाय बघितलं. आधी काय आठवंना. मला आपलं वाटाय लागलंवतं, तुम्ही गाडी बंद करा म्हणाला. मग म्हटलं, आपल्या टकुऱ्यात इख चढलंय. एवढी शिकल्याली बाई डाक्टरला खोटं कशापायी सांगंल? घोळवलं घोळवलं, मग आठवलं. जा म्हणाला हुता तुम्ही. खांद्यावर हातबी ठिवला हुता."

अंगणात एक कोंबडी पिल्लं घेऊन हिंडत होती. मला चहा पिऊन उठायला तीन मिनिटं लागली असती. काही बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"मामा," मी म्हटलं, "मी जा म्हणाले नव्हते."

"आं?"

"तुम्ही निघाला होतात. चपला घातल्या होत्या. मी अण्णांना गाडी बंद करायला सांगितलं. तुम्हाला आठवलं होतं ते खरं होतं. पोट दुखतंय म्हणून तुम्ही माझ्याकडं आलात, तेव्हाही मी काकवीवर ढकललं. आणि डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

मामांचा चेहरा उजळला आणि ते शोभाकडं वळले. "बघ. म्हणून मानतो मी ह्यास्नी. शिकल्याली माणसं आशी आसत्यात. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेत्यात."

"मामा, तसं नाही. ऐका. बरणी माझ्या हातात देताना तुम्ही काय म्हणालात? आठवा."

"काय म्हणालो?"

"मण्यार हाय ती, म्हणालात. तुमचं बरोबर होतं. माझं चूक होतं."

"मी?" मामा घोगरं हसले, त्यांना खोकला आला. "मला काय कळतंय त्यातलं? आता तुम्ही सांगाल त्यो साप."

"अण्णा होते तिथं. अण्णांना विचारा."

"अण्णाबी त्येच सांगत्यात की. ताई म्हणत हुत्या, मामा, तुम्हीच ऐकलं न्हाई, म्हणाले परवा." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जीवाला लावून घिऊ नगा, पोरी. तू पिशवी दाबलीस म्हणून बसलोय हितं."

माझ्याकडचे सगळे शब्द त्यांनी आधीच माझ्या बाजूचे करून टाकले होते.

"ताई," शोभा उंबऱ्यावरून म्हणाली.

मी तिकडं बघितलं. तिच्या मांडीवर सुपात तांदूळ होते, पण हात थांबले होते.

"गाडी बंद करा म्हणाला, तवा किती वाजलं हुतं?"

"सहा चाळीस."

"आन् परत कधी काढली?"

"सात पन्नास."

ती बारावी शिकलेली होती, तिला बोटांवर मोजावं लागलं नाही.

"तास आन् धा मिंटं," ती म्हणाली.

"हो."

"आगं, काय वकिलागत इचारतीयास त्यास्नी?" मामा म्हणाले. "चा गार झालाय बघ त्यांचा. दुसरा ठेव."

शोभा जागची हलली नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि मी खाली बघितलं नाही.